घार कुणाचं प्रतीक नाही

शौनक सेन यांच्या 'ऑल दॅट ब्रीद्स' या माहितीपटाबद्दल भरपूर लिहून झालंय. २०२२ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक माहितीपटांच्या विभागातला सर्वोच्च पुरस्कार, त्याच वर्षी कानमध्ये 'गोल्डन आय' आणि २०२३ मध्ये ऑस्करचं नामांकन मिळाल्यावर लिहिलं जाणारच. त्यातलं बरंचसं लेखन फिरून एकाच ठिकाणी येतं: दिल्लीच्या आकाशातून पडणाऱ्या घारी म्हणजे दिल्लीच्या जमिनीवर असुरक्षित झालेला एक समाज. पडद्यावर घारी आहेत, पार्श्वभूमीला नागरिकत्व कायद्याविरुद्धची आंदोलनं आणि २०२० ची दंगल आहे. दोन टोकं जोडायला फार कष्ट पडत नाहीत.

हा अर्थ चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. दिग्दर्शकानंच त्याची वाट मोकळी ठेवली आहे. माझी तक्रार वेगळी आहे. या वाचनात घार कुठे जाते?

आपल्याकडे तर ही सवय फार जुनी. मराठी कवितेत चातक म्हणजे भक्त, चकोर म्हणजे प्रेमी, कावळा म्हणजे पितर. संतकाव्यातली घार म्हणजे आई, आकाशात फिरतानाही जीव पिलांत अडकलेला. पक्षी कुणाच्या तरी वतीनं बोलायला येतो आणि बोलून झालं की उडून जातो. त्याला काय खायला मिळतं, तो घरटं कुठे बांधतो, त्याचा पंख तुटला तर काय होतं, हे आपण विचारत नाही. 'ऑल दॅट ब्रीद्स'चं मोठेपण असं, की तो हे प्रश्न विचारायला सुरुवात करतो. त्याची मर्यादा अशी, की अर्ध्या वाटेवर तो पुन्हा प्रतीकांच्या धुक्यात शिरतो.

आधी मोठेपण. वझीराबादमध्ये नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद हे भाऊ साबणाचे डिस्पेन्सर बनवतात. त्याच घराच्या तळघरात ते जखमी घारींवर उपचार करतात. लहानपणी त्यांना शरीरसौष्ठवाचा नाद होता. स्नायू कुठे सुरू होतो, कुठे हाडाला धरतो, हे त्यातून कळलं आणि पुढे तेच ज्ञान पक्ष्यांच्या पंखांवर वापरलं. पहिली जखमी घार घेऊन ते पक्ष्यांच्या एका रुग्णालयात गेले, तर तिथे तिला घेतलं नाही. कारण घार मांस खाते. मला हाच या चित्रपटाचा खरा प्रारंभबिंदू वाटतो. पक्ष्यांवरच्या दयेतही शाकाहारी आणि मांसाहारी अशी रांग लागलेली आहे, हे त्या नकारात दिसतं. त्यावर भाषण करायची गरजच उरत नाही, आणि चित्रपट ते करतही नाही.

त्यांचा मदतनीस सालिक रहमान हा तर चित्रपटाचा प्राण. गच्चीवर एक घार त्याच्या डोळ्यांवरचा चष्मा उचलून नेते, तेव्हा आपण हसतो. घारीबद्दल जिव्हाळा वाटावा म्हणून चित्रपटानं तिला गोंडस केलेलं नाही. ती चष्मा पळवते, चोच मारते, पाहताना तिच्या नजरेत कृतज्ञता वगैरे काही नसते. आणि सुरुवातीचा तो लांबलचक शॉट! रात्रीच्या वेळी मोकळ्या जागेत उंदरांचा नुसता सुळसुळाट, मागे गाड्यांचे दिवे. कॅमेरा जमिनीलगत सरकत राहतो आणि शहर आपल्याला त्या उंचीवरून बघावं लागतं.

आता मर्यादा. ती समजून घ्यायला चित्रपटाबाहेर, घारींवरच्या संशोधनाकडे जावं लागेल.

निशांत कुमार आणि त्यांचे सहकारी भारतीय वन्यजीव संस्था आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या माध्यमातून अनेक वर्षं दिल्लीच्या घारींचा अभ्यास करताहेत. त्यांच्या मोजणीत दर चौरस किलोमीटरला सरासरी १५च्या आसपास घरटी सापडली. शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत हा आकडा अवाढव्य आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस गालुशिन या सोव्हिएत पक्षीशास्त्रज्ञानं दिल्लीत केलेल्या मोजणीशी तो साधारण जुळतो. म्हणजे मधल्या पन्नासेक वर्षांत शहर कितीतरी फुगलं, पण घारी टिकून राहिल्या.

का टिकल्या? याचं उत्तर त्यांच्या पुढच्या संशोधनात आहे आणि ते कुठल्याही रूपकापेक्षा जास्त अस्वस्थ करणारं आहे. घारी घरट्यासाठी जागा निवडतात ती झाडं पाहून, आणि त्याचबरोबर माणसं पाहून. उघड्यावर कचरा पडतो अशा दाट वस्त्या त्यांना हव्या असतात. त्यातही मुस्लिम वस्त्यांजवळच्या जागांना विशेष पसंती, कारण तिथे घारींना मांसाचे तुकडे घालण्याची प्रथा आहे. घारीला खाऊ घातलं की पुण्य लागतं, संकटं टळतात, ही श्रद्धा. आणखी एक निष्कर्ष असा, की कचरा आणि हे प्रथेचं अन्न भरपूर असेल तिथल्या घारी आपल्या पिलांचं रक्षण जास्त आक्रमकपणे करतात. पक्ष्याच्या स्वभावापर्यंत माणसाची प्रथा पोचली आहे.

चित्रपटातही मांस फेकण्याची ही प्रथा येते, पण आठवण म्हणून. भावांच्या निवेदनातून, आईनं सांगितलेल्या गोष्टींच्या सुरात, हळुवारपणे. संशोधनात तीच प्रथा नकाशावर उतरते. घरट्यांचा नकाशा वाचायचा तर वस्त्यांचा नकाशा, नगरपालिकेच्या कचरागाड्यांचा हिशेब आणि श्रद्धांची यादी शेजारी ठेवावी लागते. मग दंगलीच्या बातम्या आणि घारी यांच्यातलं नातं प्रतीकाचं राहत नाही, ते भाकरीचं होतं. माणसं कुठे राहू शकतात, यावर घारी कुठे राहतील हे काही अंशी ठरतं. चित्रपटाच्या हाताशी हे होतं. त्यानं त्यातला भाव घेतला आणि गणित सोडून दिलं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. घारी पडतात का? चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या माणसाला विचारा, तो बहुधा म्हणेल, प्रदूषणामुळे. पडदाभर धुरकं आहे, करडं आकाश आहे, बातम्यांत हवेचा निर्देशांक आहे. मांजाही चित्रपटात आहे, पण धुरक्याइतकी जागा त्याला नाही. प्रत्यक्षात अशा उपचारकेंद्रांत येणाऱ्या घारींच्या जखमांमागे मांजा हे मोठं कारण आहे. घारीच्या पंखाच्या पुढच्या कडेला खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीचा एक पडदा ताणलेला असतो आणि त्याच्या कडेनं एक कंडरा जाते. काचेची धार लावलेला दोरा नेमका तिथे बसतो. कंडरा तुटली की पंख पुरता उघडत नाही, आणि त्यानंतर कितीही औषधं दिली तरी काही घारी पुन्हा कधीच उडत नाहीत.

हवा सगळ्यांची असते, म्हणून तिचा गुन्हेगार कुणीच नसतो. मांजाचं तसं नाही. तो कुणीतरी बनवतं, कुणीतरी दुकानात ठेवतं, कुणीतरी विकत घेतं. दिल्लीत त्याचा दिवस ठरलेला आहे, १५ ऑगस्ट. आपल्याकडे संक्रांत. नागपूर किंवा येवल्याच्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये नायलॉनच्या आणि काचेची धार लावलेल्या मांजावर देशभर बंदी घातली, तरी दर जानेवारीत गळे कापल्याच्या बातम्या येतातच. ज्या दुखण्याला पत्ता आहे, तारीख आहे आणि कायदाही आहे, ते धुक्यात मिसळून टाकलं की दृश्य सुंदर होतं आणि प्रेक्षक सुटतो. सेन यांच्या कॅमेऱ्याला धुकं फार आवडतं. मला त्या आवडीची किंमत जास्त वाटते.

यावर नेहमीचं उत्तर येईल: हा चित्रपट आहे, अहवाल नव्हे. मान्य. पण मग अहवालाला जे जमत नाही ते या चित्रपटाला जमलं का, हेही विचारायला हवं. आणि इथे मात्र मला त्याच्या बाजूनं उभं राहावंसं वाटतं.

संवर्धनाचं विज्ञान मोजतं ते संख्या. घार धोक्यात नाही. भारतातली गिधाडं डायक्लोफेनॅक या जनावरांच्या वेदनाशामकामुळे संपत आली. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या १९९०च्या दशकापासून पंधराएक वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त घसरली. २००४ मध्ये कारण सिद्ध झालं आणि २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तिथे एकेक पक्षी वाचवण्याला प्रजातीच्या दृष्टीनं अर्थ आहे. दिल्लीतल्या हजारो घारींपैकी एक वाचवून आलेखाची रेषा हलत नाही. मग वीस वर्षांत वीस हजारांच्या आसपास पक्षी हाताळणाऱ्या या भावांनी नेमकं काय केलं? संख्याशास्त्राच्या भाषेत, जवळपास काहीच नाही.

या 'काहीच नाही'च्या समोर चित्रपट दीड तास ठाम बसून राहतो. पैसे नाहीत, परदेशी देणग्यांच्या परवान्याचा अर्ज नाकारला जातो, तळघरात पाणी शिरतं, भावाभावांत कुरबुरी होतात, तरी पुठ्ठ्याची खोकी येत राहतात आणि प्रत्येक खोक्यात एक घार असते. दुर्मीळ आहे म्हणून तिला वाचवायचं नाही. ती समोर आली आहे आणि श्वास घेते आहे, एवढं पुरे. शीर्षकाचा अर्थ तोच. आपल्याकडे वाघाला, माळढोकाला सहानुभूती मिळते ती त्यांचे आकडे घसरल्यावर. आकडा चांगला असलेल्या जिवाचं दुःख कुणाच्या खात्यात लिहायचं, हा प्रश्न शोधनिबंधाच्या रकान्यात बसत नाही. चित्रपट तो विचारतो, आणि तेवढ्यासाठी त्याचं धुकंही मी सहन करायला तयार आहे.

फक्त पाहणाऱ्यानं घारीला घार राहू द्यावं. हिवाळ्यात दिल्लीच्या गाझीपूर कचराडेपोवर घिरट्या घालणाऱ्या घारींत कितीतरी पाहुण्या असतात. संशोधकांनी त्यांच्यातल्या काहींच्या पाठीवर जीपीएस यंत्रं बसवली, तेव्हा त्या हिमालयाच्या रांगा ओलांडून तीन हजारांहून अधिक किलोमीटरवरच्या मध्य आशियात जातात असं दिसलं. कुठल्याही देशाचं नागरिकत्व नसलेला हा पक्षी आपल्या कचऱ्यावर जगतो आणि आपल्या दोऱ्यानं कापला जातो. त्याला आणखी आपल्या दुःखाचं ओझंही वाहायला लावायची गरज नाही. चित्रपट जरूर पाहा, शक्यतो डिसेंबरात. म्हणजे संक्रांतीच्या आधी, फिरकी घेताना, दोरा कसला आहे एवढं दुकानदाराला विचारायचं लक्षात राहील.