हरलेल्या बाजूचे गाणे

माझ्या आजोबांच्या मामांचा तुऱ्याचा फड होता. सिन्नर तालुक्यातल्या गावोगावच्या जत्रांत ते डफ घेऊन उभे राहत आणि समोर कलगीवाले असत. त्यांचे बाड आमच्या घरी आले, ते माळ्यावर पडून होते. शके १८२०च्या सुमारास लिहायला घेतलेले, अर्धे मोडीत आणि अर्धे बाळबोधीत. मी एका कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी केली. वाङ्मयाची पदवी माझ्याकडे नाही. या बाडासाठी मी चाळिशीनंतर मोडी शिकलो आणि तेव्हापासून याच एका विषयामागे लागलो आहे.

बाडात त्रेचाळीस जवाब आहेत. सवाल एकही पुरा नाही. जवाबाच्या डोक्यावर 'समोरच्याने मायेचे विचारले' किंवा 'बीजाचा सवाल घातला' एवढीच टीप असते, आणि खाली आमच्या मामांचे उत्तर चांगले आठ-दहा चौकांचे. हिशेबाच्या वहीत फक्त जमेची बाजू लिहिलेली आढळली तर आम्ही ती वही मान्य करत नसू. पण घरच्या बाडाच्या बाबतीत हे मला बरीच वर्षे खटकले नव्हते. 'आपल्या मामांनी भल्याभल्यांचे डफ खाली ठेवायला लावले,' हे मी लहानपणापासून ऐकले होते आणि तेच अभिमानाने इतरांना सांगत होतो.

खटकले ते एका ग्रीक कथेमुळे. ती कथा, तिच्यावरून आमच्या काव्यकट्ट्यात मी मांडलेले एक आव्हान, आणि त्यातून माझ्याच कामाविषयी मला घ्यावा लागलेला एक निर्णय, असा या लेखाचा विषय आहे.

१

ओव्हिड या रोमन कवीने इसवी सनाच्या आठव्या वर्षाच्या आसपास पूर्ण केलेल्या 'मेटॅमॉर्फसीस' या लॅटिन काव्याच्या पाचव्या सर्गात ही मूळ ग्रीक कथा येते. पिएरस नावाच्या राजाला नऊ मुली होत्या. आपण कलेच्या नऊ देवींपेक्षा, म्हणजे म्यूझपेक्षा, सरस गातो असे म्हणून त्यांनी देवींना गाण्याचे आव्हान दिले. वनदेवता पंच म्हणून बसल्या. पिएरसच्या मुलींपैकी एक गायली, म्यूझच्या बाजूने कॅलिओपी गायली. पंचांनी एकमुखाने देवींना विजयी ठरवले. हरलेल्या मुली टोचून बोलू लागल्या, तेव्हा देवींनी त्यांना मॅगपाय पक्षी करून टाकले. हा पक्षी आपल्याकडच्या टकाचोराच्या कुळातला. झाडावर बसून कलकलाट करणारा.

गोष्ट एवढीच. पण ओव्हिडने ती कोणाच्या तोंडून सांगितली आहे, ते पाहण्यासारखे आहे. सांगणारी स्वतः एक म्यूझ आहे. कॅलिओपीचे गाणे ती शब्दशः सांगते, आणि ते तीनशेहून अधिक ओळींचे आहे. हरलेल्या मुलीचे गाणे ती पंधराएक ओळींत उरकते, तेही बहुतांशी आपल्या शब्दांत आणि नाक मुरडून. त्या गाण्यात काय होते? राक्षसाच्या भयाने देव इजिप्तमध्ये पळाले आणि त्यांनी प्राण्यांची रूपे घेतली: ज्युपिटर मेंढा झाला, अपोलो कावळा झाला, जुनो गाय झाली, व्हीनस मासा झाली. चाल कशी होती, गोडवा होता की नव्हता, हे वाचकाला कळायला मार्ग नाही. पंचांचा निकाल बरोबर होता की चूक, हेही म्हणूनच कळत नाही.

हे वाचताना मला आमचे बाड आठवले. आमच्या मामांनी नेमके हेच केले होते.

२

कलगी-तुरा म्हणजे काय, हे या अंकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. तुरेवाले शिवाला, पुरुषतत्त्वाला श्रेष्ठ मानणार. कलगीवाले शक्तीला, मायेला. भेदिक लावणीतून एकाने कूट घालायचे, दुसऱ्याने ते सोडवून उलटा सवाल टाकायचा. राजस्थानातही तुर्रा-कलंगी आहे. तिथली दंतकथा तुकनगीर हा गोसावी आणि शाह अली हा फकीर यांच्यापासून परंपरा सुरू करते आणि एका राजाने एकाला तुरा, दुसऱ्याला कलगी दिली असे सांगते. दोघांनाही मान मिळाला, हा त्या कथेतला महत्त्वाचा भाग. कोकणात शक्ती-तुऱ्याचे सामने आजही रात्रभर चालतात.

आमचा नाशिक जिल्हा कुसुमाग्रजांचा म्हणून ओळखला जातो आणि ते योग्यच आहे. पण सिन्नरजवळच्या बावीचा परशराम शाहीर याच मातीतला, जातीने आणि धंद्याने शिंपी. शेजारच्या संगमनेरचा अनंत फंदी. या शाहिरांचे जे काही आपल्यापर्यंत आले, त्याचे श्रेय संग्राहकांना आहे. अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१चा. पुढे य. न. केळकरांनी 'अंधारातील लावण्या' उजेडात आणल्या, म. वा. धोंडांनी 'मऱ्हाटी लावणी'ची चिकित्सा केली. या मंडळींचे ऋण मोठे आहे. पण संग्रह कवीवार लावला की सवाल-जवाबाची जोडी तुटते, हेही खरे. एका कवीच्या नावाखाली जवाब येतो. सवाल दुसऱ्याचा, म्हणून तो बाहेर राहतो. मग ते जवाब आपण स्वतंत्र कविता म्हणून वाचतो आणि 'दुर्बोध' म्हणून सोडून देतो. त्यातले कितीतरी दुर्बोध नसतात, ते अर्धे असतात.

ग्रीकांकडेही सामने होतेच. हेसिअडने स्वतःच्या काव्यात सांगितले आहे की, कॅल्सिस इथल्या सामन्यात गाऊन त्याने तिपाई जिंकली आणि ती म्यूझना वाहिली. पुढच्या काळात याच प्रसंगावरून होमर आणि हेसिअड यांच्या सामन्याची कथा रचली गेली. तीत हेसिअड अडचणीची ओळ टाकतो आणि होमर पुढची ओळ जोडून तिचा अर्थ लावतो. भोज-कालिदासाच्या गोष्टींतली समस्यापूर्ती हीच. श्रोते होमरच्या बाजूने होते. राजाने मात्र युद्धाऐवजी शेती आणि शांतता गाणाऱ्या हेसिअडला मुकुट दिला.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. जिंकणाऱ्याचे टिकते आणि हरणाऱ्याचे बुडते, असा सरसकट नियम करता येत नाही. ज्या नाटकाचा पु. ल. देशपांड्यांनी 'राजा ओयदिपौस' केला, ते सोफोक्लीझचे नाटक अथेन्सच्या स्पर्धेत पहिले आले नव्हते. पहिला आला एस्किलसचा भाचा फिलोक्लीझ, आणि त्याचे एकही नाटक आज शिल्लक नाही. तेव्हा निकालापेक्षा नक्कल महत्त्वाची. कोणी उतरवून घेतले, कोणाच्या घरात वही राहिली, यावर सगळे ठरते. पिएरसच्या मुलींच्या कथेत निकाल आणि नक्कल दोन्ही एकाच बाजूच्या हाती आहेत, म्हणून ती मला इतकी लागली.

३

आमच्या काव्यकट्ट्यात महिन्याला एक समस्या देण्याची पद्धत आहे. गेल्या वर्षी माझी पाळी आली तेव्हा मी ही कथा सांगितली आणि म्हटले, 'कॅलिओपीचे गाणे आहे. पिएरसच्या मुलीचे गाणे नाही. ते तुम्ही लिहा. सोळा ओळी, छंद कोणताही, मुदत दोन महिने.' एकोणीस कविता आल्या.

पैकी चौदा कविता पक्षी झाल्यानंतरच्या होत्या. आमचे काय चुकले, आमचा कंठ का हिरावला, देवही मत्सरी असतात, अशा आशयाच्या. त्यांतल्या काही चांगल्या उतरल्या होत्या. पण मी मागितले होते ते त्यांत नव्हते. मी गाणे मागितले होते, त्यांनी गाऱ्हाणे दिले. हरलेल्याबद्दल कळवळा वाटणे सोपे असते. त्याच्या हाती पुन्हा डफ देऊन 'आता वाजव' म्हणणे अवघड, कारण तिथे कळवळा उपयोगी पडत नाही, चाल आणि यमक लागते. आपल्याकडे पुराणातल्या उपेक्षित स्त्रियांवर गेल्या काही दशकांत बरीच कविता लिहिली गेली. तिच्यातली पुष्कळशी याच जागी अडते, असे माझे मत आहे.

दोन कवितांनी पंच वनदेवतांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. प्रत्यक्ष गाणे लिहिले ते तिघांनी. त्यातले एक निफाडकडे द्राक्षबागेत काम करणाऱ्या बाईंचे. त्यांनी ओवीच्या चालीत देवांची पळापळ गायली होती. गंमत अशी की, त्यांच्या ओव्यांत निंदेचा मागमूस नव्हता. देव मासा झाला, मेंढा झाला, हे त्यांनी भक्तीने गायले. वाचन झाल्यावर मी विचारले, 'ताई, हा तर देवांचा अपमान होता ना?' त्या म्हणाल्या, 'अपमान कसा? देव मासा होतो, कासव होतो, डुक्कर होतो. आमच्याकडे त्याची आरती करतात.'

मी निरुत्तर झालो. ओव्हिडच्या कथेत ज्याला ईश्वरनिंदा ठरवले आहे, ते आपल्या दशावताराच्या संस्कारात स्तुती ठरते. म्हणजे मुलीच्या गाण्यातला मजकूर हा गुन्हा नव्हताच, किंवा निदान सर्वत्र नसता. तिचा गुन्हा आव्हान देण्याचा. कलगी-तुऱ्यात तर आव्हान हाच धर्म. 'ब्रह्मा, विष्णू, महेश मायेच्या पोटचे, तेव्हा तुमचा शिव मोठा कसा?' असे कलगीवाल्याने जत्रेत सर्वांदेखत विचारायचे आणि तुरेवाल्याने त्याचे उत्तर द्यायचे. शिक्षा द्यायची नाही. हरलेला फार तर डफ खाली ठेवतो आणि पुढल्या जत्रेला नवा सवाल बांधून येतो. ग्रीक कथांत अपोलोशी हरलेल्या मार्सिअसची कातडी सोलली जाते; एका पाठात तर अपोलो वीणा उलटी धरून वाजवतो आणि मार्सिअसला बासरी तशीच उलटी वाजवायला सांगतो. आपल्या फडात अशी अट कोणी घातली असती तर श्रोत्यांनीच हरकत घेतली असती.

एवढे बोलून मी आपल्या परंपरेची पाठ थोपटत होतो. तेव्हा कट्ट्यातल्या ज्येष्ठ निवृत्त शिक्षिका, ज्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो, म्हणाल्या, 'अहो, पक्षी नाही केले तुम्ही त्यांना, पण त्यांचे गाणे कुठे आहे? तुमच्या बाडात तरी आहे का?'

४

बाईंना ठाऊक नव्हते की, त्यांचा प्रश्न किती वर्मी लागला. त्या वेळी माझ्या टेबलावर एक वही तयार होती. बाडातले जवाब पुन्हापुन्हा वाचून मी त्यांचे सवाल नव्याने बांधले होते. यात बनाव नव्हता, पद्धत होती. या बाडातले जवाब सवालाचीच चाल उचलतात. पहिल्या चौकात समोरच्याचे शब्द परतवून लावतात. यमकही बहुधा तेच धरतात. त्यावरून त्रेचाळीसपैकी सव्वीस सवालांचा आशय मला खात्रीने सांगता येत होता. आशयावर न थांबता मी ओळीही रचल्या होत्या. त्या बऱ्या जमल्या होत्या, आणि बाडाबरोबर 'पुनर्रचित सवाल' म्हणून छापायच्या, असा माझा बेत होता.

समोरच्या फडाच्या वंशजांकडेही मी जाऊन आलो होतो. त्यांनी चहा दिला, आपुलकीने बोलले. त्यांचे बाड घर पाडताना इतर कागदांबरोबर रद्दीत गेले होते. आमचे मामा त्यांच्या पणजोबांकडून दोनदा हरल्याची आठवण मात्र त्या घरात शाबूत होती. आमच्या घरी ती कोणी सांगितली नव्हती.

एकोणीस कविता पुढ्यात घेऊन मी माझी वही पुन्हा वाचली. माझ्या सवालांत एक दोष स्पष्ट दिसला: प्रत्येक सवाल आमच्या मामांना सोडवता येईल एवढाच कठीण होता. साहजिक होते, मी ते उत्तरावरून मागे जात रचले होते. कलगीवाल्याचा जो सवाल मामांना सुटला नाही, त्याचा जवाब बाडात नाही, म्हणून तो सवाल माझ्या वहीतही येऊ शकत नव्हता. ज्या दोन रात्री ते हरले, त्या रात्रींचे उत्तम सवाल माझ्या पद्धतीच्या पूर्ण बाहेर होते. मी हरलेल्याला आवाज देत असल्याच्या समजुतीत होतो, आणि प्रत्यक्षात मामांना आणखी त्रेचाळीस वेळा जिंकवण्याची तयारी करत होतो.

त्या द्राक्षबागेतल्या ताईंची ओवी आणि माझे सवाल यांत फरक हा की, ताईंनी आपल्या नावावर आपले गाणे म्हटले. ती कविता होती. मी माझी रचना दुसऱ्याच्या नावाने पुराव्याच्या जागी ठेवणार होतो. कवीला जे करायला मोकळीक आहे आणि करायलाच हवे, ते बाडाच्या संपादकाने करू नये.

म्हणून बाड छापताना मी रचलेली एकही ओळ त्यात घालणार नाही. उजव्या पानावर जवाब येईल. डाव्या पानावर मामांनी लिहिलेली टीप आणि तिच्याखाली जवाबावरून निघणारा सवालाचा आशय, माझ्या साध्या गद्यात, माझ्या नावाने. उरलेले पान कोरे. मामांच्या दोन पराभवांची आठवण प्रस्तावनेत समोरच्या घराच्या हवाल्याने येईल. प्रकाशक कागद वाया जातो म्हणाले. कोऱ्या पानांचा खर्च मी सोसतो, असे मी त्यांना कळवले आहे.

वाचकांना एक विनंती आहे. हा अंक हाती पडेल तेव्हा बहुतेक घरांत दिवाळीची साफसफाई होऊन गेलेली असेल आणि रद्दी दाराशी बांधून ठेवलेली असेल. सिन्नर, संगमनेर, अकोले, येवला या पट्ट्यात तुमचे मूळ घर असेल, तर ती गठ्ठी एकदा सोडून पाहा. लांबट, शिवलेली, मोडी अक्षरांची वही दिसली आणि तीत वरती 'सवाल' असे लिहिलेले असले, तर ती कलगीची आहे की तुऱ्याची, हे न पाहता बाजूला काढून ठेवा.