‘उठला’ म्हणजे किती गुण?

आजचा विषय तसा कोरडा वाटेल. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाची हालचाल मोजणारी एक श्रेणी आहे. ती भाषांतरित केली, तर त्या भाषांतरावर विश्वास ठेवायचा की नाही, हे कसं ठरवतात, आणि त्या ठरवण्यात काय राहून जातं, एवढंच आज बोलायचं आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. सकाळी आयसीयूत ड्युटी बदलते तेव्हा रात्रीची सिस्टर सांगते, ‘चार नंबर काल उठला.’ उठला म्हणजे काय? जागा झाला? पलंगावर बसला? कडेला पाय सोडून बसला? की उभा राहिला? मराठीत चारही अर्थ चालतात. श्रेणीत मात्र त्यांचे गुण वेगवेगळे आहेत.

ही श्रेणी म्हणजे आयसीयू मोबिलिटी स्केल. कॅरल हॉजसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातून ती २०१४ साली मांडली. तिच्यात ० ते १० असे अकरा टप्पे आहेत. नुसतं पडून असणं ०, पलंगावरच बसणं किंवा व्यायाम करणं १, कडेला बसणं ३, उभं राहणं ४. एका माणसाच्या मदतीने चालणं ८, काठी किंवा वॉकर घेऊन स्वतः चालणं ९, काहीही न घेता चालणं १०. मिनिटभरात भरता येते, यंत्र लागत नाही. म्हणून ती आम्हाला आवडते, हे आधीच सांगून टाकतो. आमची तक्रार श्रेणीबद्दल नाही, भाषांतर तपासण्याच्या पद्धतीबद्दल आहे.

ती पद्धत ठरलेली आहे. बीटन आणि सहकाऱ्यांनी २००० साली तिचे टप्पे लिहून दिले: दोघांनी भाषांतर करायचं, ते एकत्र करायचं, मूळ मजकूर न पाहिलेल्यांनी ते उलट इंग्रजीत न्यायचं, तज्ज्ञांच्या समितीने बसायचं, मग थोड्या लोकांवर करून पाहायचं. चांगली पद्धत आहे. पण ‘आधाराने चालतो’ हे शब्द घ्या. आधार माणसाचा की काठीचा? उलट भाषांतर करणारा हुशार असतो. तो संदर्भावरून अर्थ ओळखतो आणि नेटकं इंग्रजी लिहून देतो. मराठीतली संदिग्धता तिथेच झाकली जाते.

पुढे येते परीक्षकांमधली सहमती. ब्राझीलमध्ये २०१६ साली ही श्रेणी पोर्तुगीजमध्ये आणली गेली. दोन फिजिओथेरपिस्टनी त्याच रुग्णांना गुण दिले आणि सहमती उत्तम निघाली. हे काम प्रामाणिक आहे. पण तिथे २०१० पासूनच्या नियमाप्रमाणे आयसीयूत दर दहा खाटांमागे एक फिजिओथेरपिस्ट लागतो, तोही दिवसाचे अठरा तास. म्हणजे ज्यांनी तपासलं, तेच रोज भरणार. आम्ही काम केलेल्या विभागांत रात्रीचा कागद सिस्टर भरते.

मराठीत दोन फिजिओ उभे केले तर काय होईल? दोघंही इंग्रजीतून शिकलेले. मराठी वाचतील आणि मनात मूळ इंग्रजी वाक्य आठवतील. त्यांचं एकमत होईल, पण तो पुरावा त्यांच्या शिक्षणाचा, भाषांतराचा नाही. शिवाय व्हेंटिलेटरवर गाढ गुंगीत असलेल्या रुग्णाला शून्य देण्यात एकमत व्हायला काय लागतं? असे रुग्ण जास्त असले की सहमतीचा आकडा आपोआप छान दिसतो. खरी परीक्षा १ आणि ३ मध्ये आहे, ८ आणि ९ मध्ये आहे.

मूळ श्रेणीत प्रत्येक टप्प्याची व्याख्या आहे, बरं का. चालला म्हणायला पलंगापासून किमान ५ मीटर जायला हवं. जागच्या जागी पावलं टाकली म्हणायला किमान चार पावलं हवीत. पण भिंतीवर चिकटतात ती नुसती शीर्षकं. व्याख्या फायलीत राहतात.

आणि यात अडतं काय? आमच्याच एका रुग्णाच्या कागदावर ‘आधाराने चालतो’ असं होतं. वॉर्डात त्याला वॉकर दिला आणि सोडला. त्याला लागायचा तो सिस्टरच्या हाताचा आधार. बाथरूमच्या दाराशी तो कोसळला. नशीब, गुडघ्यावरच निभावलं. तो कागद भरणारी चुकली नव्हती, वाचणाराही चुकला नव्हता.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: भाषांतर तपासताना एक गुण रात्रीच्या सिस्टरने द्यावा, जिने मूळ इंग्रजी पाहिलेलं नाही, दुसरा फिजिओने, तिचा गुण न बघता. मतभेद कुठल्या दोन टप्प्यांत झाले, ते वेगळे मोजावेत. आणि ‘आधार’ हा शब्द काढून सरळ लिहावं: ‘एका माणसाने धरून’, ‘काठी किंवा वॉकर घेऊन, कोणीही न धरता’. वाक्य लांबेल. लांबू द्या.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. वॉर्डात काम करणाऱ्यांनी आधी विचारावं.