जुन्या कागदाची घडी आणि संपादकाची जबाबदारी

आपल्या चळवळीचा बराचसा इतिहास घडी घातलेल्या कागदांवर लिहिला गेला आहे. सभेची हस्तपत्रके, वर्गणीच्या पावत्या, परिषदांची निमंत्रणे आणि 'मूकनायक' (१९२०), 'बहिष्कृत भारत' (१९२७) यांसारख्या पत्रांचे अंक ज्यांनी जपले, त्यांच्या घरी कपाटे नव्हती. कागद चौघडी करून पत्र्याच्या पेटीत, वह्यांच्या पानांत ठेवले गेले. आज हे कागद स्कॅन होऊन स्मरणिकांत व प्रदर्शनांत येत आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ते येताना घडीची एकही रेघ शिल्लक न ठेवण्याची जी प्रथा पडली आहे, तिची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

काही वर्षांपूर्वी एका उपासकांनी आपल्या आजोबांच्या नावाची वर्गणीची पावती प्रस्तुत लेखकास दाखविली. दाखविली म्हणजे तिची चौकटीत बसविलेली प्रत दाखविली. कागद शुभ्र, अक्षरे ठसठशीत, घडीचा मागमूस नाही. रकमेचा आकडा मात्र बाकीच्या आकड्यांहून वेगळ्या वळणाचा वाटला. मूळ पावती पाहावयास मागितली, तेव्हा ती फाटकी होती म्हणून टाकून दिल्याचे कळले. घडी नेमकी त्या आकड्यावरून गेली होती. आजोबांनी किती रुपये दिले, हे आता कोणासही सांगता येणार नाही. हेतू श्रद्धेचा होता. नाश मात्र पुराव्याचा झाला.

या प्रश्नाचा विचार करताना प्रथम एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. स्कॅनमध्ये दिसणारी घडी ही दोन वेगळ्या गोष्टींची मिळून बनलेली असते. एक सावली आणि दुसरी झीज. सपाट स्कॅनरचा दिवा सहसा एका बाजूने प्रकाश टाकतो, त्यामुळे उंचावलेल्या घडीलगत काळी रेघ उमटते. तिच्याखाली अक्षर शाबूत असते. कागद उलट्या दिशेने ठेवून पुन्हा स्कॅन केला, तर सावली दुसऱ्या अंगास पडते आणि लपलेले अक्षर वाचता येते. झीज ही याहून निराळी. तेथे तंतू तुटून शाई उडालेली असते. सावली दूर करणे ही स्वच्छता होय. झीज भरून काढणे हा तर्क होय. आजच्या प्रथेचा मुख्य दोष हा की, ती या दोन्हींना एकाच कुंचल्याने पुसते.

या कुंचल्याचे काम कसे चालते, हेही पाहावे. फोटोशॉपमधील क्लोन स्टॅम्प शेजारचा तुकडा उचलून जसाच्या तसा डाग असलेल्या जागी बसवितो. २००२ साली आलेला हीलिंग ब्रश त्या तुकड्याचा पोत घेऊन त्याला नव्या जागेच्या रंगछटेत मिसळतो, म्हणून सांधा दिसत नाही. २०२३ पासून तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे आजूबाजूचे पाहून नवेच चित्र रचणारी सोय आली आहे. यांपैकी एकही साधन वाचत नाही. त्यांच्या लेखी अक्षर आणि डाग यांत काहीच अंतर नाही.

मराठीच्या बाबतीत हा धोका अधिक आहे. १९६२ पूर्वीच्या लेखनात 'काम केलें' असा अनुस्वार असे व 'केले' या रूपाहून त्याचे व्याकरण भिन्न असे. धूळ व ओरखडे घालविणारी चाळणी लावली की हे टिंब धूळ समजून पुसले जाते. आजच्या लेखनाची सवय असलेल्या डीटीपी करणाऱ्या तरुणास ते गेल्याचे जाणवतही नाही. म्हणजे बाबासाहेबांच्या काळचा मजकूर आपण नकळत आपल्या काळचा करून टाकतो.

बौद्ध विद्येच्या क्षेत्रात या बाबतीत उत्तम आदर्श उपलब्ध आहे. १९९४ साली ब्रिटिश लायब्ररीकडे आलेल्या गांधारातील भूर्जपत्रांच्या गुंडाळ्या अत्यंत ठिसूळ व खंडित होत्या. रिचर्ड सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतील खरोष्ठी मजकूर संपादित करताना अस्पष्ट अक्षर चौकटी कंसात घातले, तर नष्ट झालेले पण तर्काने भरलेले अक्षर तारकाचिन्हासह गोल कंसात दिले. मूळ काय आणि संपादकाचे काय, हे वाचकाला प्रत्येक ओळीत कळते. महाराष्ट्र शासनाच्या डॉ. आंबेडकर लेखन व भाषणे या इंग्रजी मालेतही वसंत मून आदी संपादकांनी अप्रकाशित हस्तलिखिते छापताना अपुऱ्या प्रकरणांची व न मिळालेल्या पानांची नोंद केली. मजकुराच्या बाबतीत पाळलेले हे पथ्य चित्राच्या बाबतीत का सुटावे?

प्रदर्शनास आलेल्या सामान्य माणसाला मळका कागद का दाखवावा, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. शोभेसाठी स्वच्छ प्रत अवश्य करावी. परंतु तिच्याखाली 'दुरुस्त केलेली प्रत' असे छापावे. स्कॅनची पहिली प्रत कोणताही फेरफार न करता टिफ स्वरूपात राखावी, दुरुस्ती वेगळ्या लेअरवर करावी आणि जेथे शाई उडाली आहे ती जागा कोरीच ठेवावी. मूळ कागदास चिकटपट्टी लावू नये, इस्त्री करू नये आणि तो कधीही टाकून देऊ नये.

महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी चार महापदेस सांगितले. कोणी कितीही अधिकाराने 'हे बुद्धवचन आहे' असे म्हटले, तरी ते लगेच स्वीकारू नये वा धिक्कारूही नये. सुत्त आणि विनय यांच्याशी ताडून पाहावे. ताडून पाहावयाचे तर मूळ आधार जागेवर असावा लागतो. घडीसकट अक्षर पुसणारा मनुष्य पुढच्या पिढीचा हाच अधिकार काढून घेतो. ज्यांचा इतिहास इतरांनी शतकानुशतके पुसला, त्यांनी आपल्या हाताने, मग तो कितीही भक्तिभावाने का होईना, तेच काम करावे हे उचित नव्हे. घडीची रेघ हा कागदाचा दोष नाही. तो कोणीतरी जपला होता, याची ती खूण आहे.