आभासी जगातील खरे दुःख

रेकी कावाहारा यांच्या कादंबऱ्यांवर आधारित ‘स्वॉर्ड आर्ट ऑनलाईन’ ही जपानी चित्रमालिका २०१२ साली प्रक्षेपित झाली. तीत १०,००० खेळाडू आभासी खेळात अडकतात. १०० मजले जिंकल्याखेरीज सुटका नाही, आणि खेळातील मरण हेच देहाचे मरण. जग कृत्रिम असले, तरी त्यात भोगलेले दुःख कृत्रिम म्हणता येईल काय? २२ व्या मजल्यावरील किरितो व असुना यांचा साधा संसार याचे नकारार्थी उत्तर देतो. परंतु उत्तरार्धात पराक्रमी असुना पिंजऱ्यात कोंडली जाते. तिची यातना नायकाच्या शौर्याचे निमित्त ठरते. ज्या मालिकेने दुःख खरे मानावयास शिकविले, तिनेच ते गौण लेखावे, ही तिची मोठी उणीव होय.