दोन डॉयल आणि एक जेलीफिश

मी गोंदियाची. आमच्याकडे पाणी म्हणजे नवेगावबांधचा तलाव, नाहीतर वैनगंगा. त्यामुळे विदर्भ एक्सप्रेसने जवळपास हजार किलोमीटर येऊन पावसाळ्यात जुहूला गेलेल्या आमच्या घरच्यांना वाळूतला निळा फुगा खेळण्यासारखा वाटला, यात नवल नाही. भाच्याने तो उचलला आणि किंचाळला. पाच मिनिटांत भोवतीच्या लोकांनी चार उपाय सांगितले: वाळू चोळा, बर्फ लावा, समुद्राच्या पाण्याने धुवा आणि (हळू आवाजात) लघवी लावा. प्राण्यांच्या विषावर पीएचडी करणारी मी मात्र गप्प! कारण जेलीफिशबद्दल मी तोवर वाचलेली एकच गोष्ट होती, आणि तीही शेरलॉक होम्सची.

‘द ॲडव्हेंचर ऑफ द लायन्स मेन’ ही आर्थर कॉनन डॉयलची १९२६ सालची कथा. (रहस्य फोडते आहे. कथा आधी वाचायची असेल तर इथेच थांबा.) निवृत्त होम्स ससेक्सच्या किनाऱ्यावर राहतोय. पोहायला गेलेला मॅकफर्सन नावाचा शिक्षक पाठीवर चाबकाचे वळ घेऊन येतो, ‘सिंहाची आयाळ’ एवढंच पुटपुटतो आणि मरतो. संशय एका सहकाऱ्यावर जातो. खरा मारेकरी निघतो लायन्स मेन जेलीफिश, म्हणजे सायनिया कॅपिलाटा.

रहस्यकथा म्हणून ही कमजोर आहे. होम्स तर्काने उत्तर काढत नाही. कधीतरी वाचलेलं पुस्तक त्याला आठवतं, बस. पण एक जागा मला फार आवडते. मॅकफर्सनचा टॉवेल कोरडा असतो, म्हणून तो पाण्यात उतरलाच नाही असं होम्स धरून चालतो आणि तिथेच चुकतो. डोळ्यांना पटलेली गोष्ट तपासायची राहून गेली.

विज्ञानाच्या बाजूने डॉयल बराच सावध आहे. या जेलीफिशच्या दंशाने धडधाकट माणूस मरणं अगदी दुर्मीळ, म्हणून त्याने मॅकफर्सनला आधीच हृदयविकार देऊन ठेवलाय. गडबड होते उपचारात. दुसऱ्या माणसाला दंश होतो तेव्हा त्याला ब्रँडी पाजतात, जखमांवर सॅलडच्या तेलात भिजवलेला कापूस ठेवतात, आणि तो वाचतो. वाचला म्हणजे उपाय लागू पडला? हाही कोरडा टॉवेलच की!

आता दुसरे डॉयल. २०१७ साली आयर्लंडमधल्या थॉमस डॉयल आणि सहकाऱ्यांनी याच सायनियाच्या दंशावरचे प्रथमोपचार तपासले. जेलीफिशच्या तंतूंवर हजारो सूक्ष्म कुप्या असतात आणि प्रत्येकीत गुंडाळलेला विषारी धागा. दंशाच्या वेळी सगळ्या फुटत नाहीत. उरलेल्या कातडीला चिकटून राहतात आणि चोळलं, दाबलं की फुटतात. या गटाने रक्तपेशी मिसळलेल्या थरावर दंश घडवले आणि किती पेशी फुटतात ते मोजलं. समुद्राच्या पाण्याने धुणं आणि बर्फ, म्हणजे तेव्हा रूढ असलेले उपाय, यांनी नुकसान वाढलं. व्हिनेगरने धुवून मग ४५ अंशांची ऊब ४० मिनिटं दिल्यावर ते कमी झालं.

टीका यांच्यावरही करायला हवी. थरातल्या पेशींना वेदना होत नाहीत. शिवाय लेखकांपैकी अँजेल यानागिहारा यांनी दंशावरचं एक विक्रीचं औषध स्वतः विकसित केलंय आणि तेही याच तपासणीत होतं. म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण वाचताना हे लक्षात ठेवायचं.

आणि जुहूचा निळा फुगा सायनिया नव्हेच. तो ब्लू बॉटल, काटेकोरपणे जेलीफिशही नाही. अनेक जीवांची एकत्र वसाहत. पावसाळी वारे त्याला किनाऱ्यावर लोटतात. २०१८च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दीडशेहून अधिक जणांना दंश झाल्याच्या बातम्या होत्या. त्यावर व्हिनेगर वापरावं का, यावर अजून वाद आहे: ऑस्ट्रेलियातला प्रथमोपचाराचा सल्ला ‘नको’ म्हणतो, यानागिहारांचा गट ‘हो’. गरम पाण्यावर मात्र दोघांचं एकमत आहे. तिथे तर खऱ्या माणसांवरची चाचणी आहे. २००६ साली ऑस्ट्रेलियात ब्लू बॉटलचा दंश झालेल्या ९६ जणांपैकी काहींना ४५ अंशांचं पाणी दिलं, काहींना बर्फ. २० मिनिटांनी वेदना कमी झाल्याचं गरम पाण्याच्या गटात ८७ टक्के लोकांनी सांगितलं, बर्फाच्या गटात ३३ टक्के.

भाच्याला त्या दिवशी आम्ही बर्फच लावला. तो रडत होता, बर्फ गार होता, पटलं.

तुम्ही गेलात तर? चोळू नका. तंतू चिमट्याने काढा. पाणी आधी स्वतःच्या हाताला सोसतंय का पाहा, मगच पोराचा हात त्यात धरा. शेजारीच चहाची टपरी असते, पाणी तिथे मिळतं. श्वास अडकतोय, छातीत दुखतंय असं वाटलं तर थेट दवाखाना. कथा मात्र जरूर वाचा, फक्त तेलाचा कापूस सोडून.