'ओन्ली यस्टर्डे': तेजी नक्की कोणाची?

१९२०च्या दशकातली अमेरिका समजून घ्यायची तर अनेक जण फ्रेडरिक लुईस ॲलन यांच्या 'ओन्ली यस्टर्डे'पासून सुरुवात करतात. पुस्तक १९३१चं, म्हणजे मंदीचा तळ अजून यायचा होता. डाऊ जोन्स ४१पर्यंत घसरला तो जुलै १९३२मध्ये. इतक्या जवळून लिहिल्यामुळेच रेडिओ, मोटारी, शेअर बाजाराचं वेड हे सगळं जिवंत उतरलंय. पण अडचणही तिथेच आहे. ॲलन 'हार्पर्स' मासिकात संपादकीय काम करत; त्यांना दिसते ती मुख्यतः शहरी मध्यमवर्गाची तेजी. शेतमालाचे भाव १९२०-२१मध्येच कोसळले होते, पण शेतकरी पुस्तकात ओझरताच येतो. पुस्तक जरूर वाचा. फक्त प्रबंधात 'अमेरिकन समाज' असं लिहिण्याआधी आपलं सॅम्पल कोणाचं आहे, ते तपासा.