रिफ : स्वरावली की हस्तक्रिया?

गिटारवादनातील ‘रिफ’ ह्या संज्ञेचा अर्थ ‘पुनःपुन्हा येणारी लहानशी स्वरावली’ असा सामान्यतः सांगितला जातो. ही व्याख्या चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे, आणि तिच्या अपुरेपणामुळे रिफचे मूल्यमापन अनेकदा भलत्याच कसोटीवर होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आपल्याकडील अभ्यासकास रिफ ऐकताच लेहऱ्याची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. तबल्याच्या एकलवादनात सारंगी किंवा संवादिनी एकच धून आवर्तनामागून आवर्तन वाजवीत राहते. परंतु हे साम्य पुनरावृत्तीपुरतेच आहे. लेहरा वादकासाठी तालाचे भान राखतो आणि स्वतः मागे राहतो. रॉक संगीतातील रिफ मात्र पुष्कळदा रचनेचे मुखच असते. श्रोता रचना ओळखतो ती तिच्यावरून.

रिफ ही मुळात गिटारचीच निर्मिती आहे, असेही नव्हे. १९३० नंतरच्या दशकात कॅन्सस सिटीच्या जाझ वाद्यवृंदांत फुंकवाद्यांचे ताफे अशा लहान वाक्यांची उत्तरे-प्रत्युत्तरे करीत. काउंट बेसी ह्यांच्या वृंदाचे ‘वन ओक्लॉक जंप’ (१९३७) हे त्याचे ठळक उदाहरण होय. तेव्हा रिफ एका वाद्यातून दुसऱ्यात जाऊ शकते, हे मान्यच केले पाहिजे. प्रश्न असा की, ह्या स्थलांतरात काय टिकते आणि काय गळून पडते?

‘सॅटिस्फॅक्शन’ (१९६५) ह्या रचनेने ह्या प्रश्नाची जणू परीक्षाच घेतली आहे. कीथ रिचर्ड्‌स ह्यांनी तिची रिफ फुंकवाद्यांसाठी योजिली होती. ‘फझ’ उपकरणातून काढलेला गिटारचा घोगरा स्वर हा त्यांच्या दृष्टीने तात्पुरता आराखडा होता. त्याच वर्षी ओटिस रेडिंग ह्यांनी ती रचना खरोखरीच फुंकवाद्यांसह ध्वनिमुद्रित केली. स्वर ओळखू येतात, उत्साहही उणा नाही. परंतु तक्रारीचा तो खरखरीत सूर तेथे नाही, त्याच्या जागी उत्सवाचा सूर आला आहे. आराखडा टिकला, अर्थ पालटला.

‘स्मोक ऑन द वॉटर’ (१९७२) मध्ये हीच गोष्ट अधिक सूक्ष्मपणे दिसते. रिची ब्लॅकमोर येथे षड्‌ज-मध्यमाच्या अंतरावरील दोन स्वर जोडीने घेतात आणि नखी न वापरता दोन्ही तारा बोटांनी एकाच क्षणी छेडतात. नखीने वाजविल्यास एक तार दुसरीच्या किंचित आधी बोलते आणि आघाताचा ठोसपणा विरतो. नवशिके विद्यार्थी स्वर अचूक वाजवूनही रिफ ‘लागत नाही’ असे म्हणतात, त्याचे एक कारण हे आहे.

टोनी आयोमी ह्यांचे उदाहरण तर शरीराशीच निगडित आहे. बर्मिंगहॅममधील कारखान्यात त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे असल्याने पडद्यांवर फिरणारा हात तोच. कृत्रिम टोपणे, हलक्या तारा आणि पुढे १९७१ च्या काही रचनांत तीन अर्धस्वरांनी उतरविलेली जुळणी ह्यांतून त्यांच्या रिफचे जडत्व घडत गेले. हे केवळ अपघातामुळे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु हात वगळून त्या शैलीचे स्पष्टीकरण देता येणार नाही, हे निश्चित.

ह्या विवेचनाचा संबंध श्रेयाच्या प्रश्नाशीही आहे. चक बेरी ह्यांच्या ‘जॉनी बी. गुड’ (१९५८) चा आरंभ लुई जॉर्डन ह्यांच्या १९४६ मधील एका ध्वनिमुद्रणात कार्ल होगन ह्यांनी वाजविलेल्या आरंभाशी फार मोठ्या प्रमाणात जुळतो. रिफ म्हणजे केवळ स्वर मानल्यास बेरी नक्कलकार ठरतात. रिफ म्हणजे केवळ हात मानल्यास होगन ह्यांचे ऋण नाहीसे होते. हे दोन्ही निवाडे अन्यायाचे आहेत. वाक्य होगन ह्यांचे. त्याला जोडतारांचा जोर आणि नव्या लयीचा रेटा देणारा उच्चार बेरी ह्यांचा, असे म्हणणे अधिक न्याय्य होय.

म्हणून केवळ स्वरलेखनावर विसंबणारी समीक्षा अपुरी पडते. ब्लूजवादक काचेची नळी तारेवरून सरकवीत कोमल व शुद्ध गंधारांच्या मधल्या जागी रेंगाळतो, तेव्हा पाश्चात्त्य स्वरलेखनास त्यांतील एकच गंधार लिहावा लागतो. मींड आणि कणस्वर ह्यांना भातखंडे स्वरलिपीत चिन्हे आहेत. तिच्याशी परिचित असलेल्या विद्यार्थ्यास ही उणीव चटकन जाणवावी. रिफचे लेखन करताना तार, पडदा, बोट आणि आघाताची रीत ह्यांचीही नोंद करावी, एवढीच येथे सूचना आहे. स्वरावली आपणास रिफचे कूळ सांगते. तिचा स्वभाव मात्र हातातच शोधावा लागतो.